हायड्रोलाइज्ड कोलॅजनचं सीरम करताना: माझा अनुभव

हे सीरम लावून त्वचेतलं कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारं प्रथिन, वाढत नाही, हे आधीच सांगून टाकते. अख्ख्या कोलॅजनचा रेणू सुमारे 3 लाख डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक). त्याचे तुकडे करून मिळणारी पावडर, म्हणजेच हायड्रोलाइज्ड कोलॅजन, बहुधा 2,000 ते 5,000 डाल्टनची असते आणि त्वचेत शिरायला रेणू 500 डाल्टनच्या आत हवा, असा ढोबळ नियम आहे. तेव्हा ती वरच राहते. तिथेच पाणी धरून ठेवते, सुकल्यावर पातळ थर बनवते आणि खरखरीत त्वचा मऊ लागते. धुतलं की गेलं.

100 ग्रॅमसाठी मी घेते: डिस्टिल्ड वॉटर 93.6, ग्लिसरीन 3, कोलॅजन पावडर 2, झॅन्थन गम (दाटपणा आणणारा डिंक) 0.3, डायसोडियम ईडीटीए (पाण्यातले धातूंचे अंश बांधून ठेवणारं) 0.1 आणि फिनॉक्सीइथॅनॉल-इथाइलहेक्सिलग्लिसरीनचं प्रिझर्वेटिव्ह 1 ग्रॅम. 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा इथे अपुरा पडतो, 0.01 चा लागतो. द्रवरूप कोलॅजन आणलं असेल तर त्यात घन भाग किती ते बघा. 30 टक्के असेल तर 2 ग्रॅम पावडरीऐवजी 6.7 ग्रॅम द्रव घ्यायचा आणि पाणी 4.7 ग्रॅमने कमी करायचं.

झॅन्थन आधी ग्लिसरीनमध्ये कालवून घ्यायचा. थेट पाण्यात टाकला तर माशाच्या डोळ्यांसारख्या गाठी होतात, त्या मग फुटता फुटत नाहीत. ईडीटीए विरघळवलेलं पाणी त्यावर ओतून घोटायचं. पाणी गरम घेतलं असेल तर कोलॅजन मात्र मिश्रण 40 अंश सेल्सियसखाली आल्यावरच घालायचं. जास्त वेळ तापवलं तर वास उग्र होतो, रंगही पिवळट होतो. पावडर पृष्ठभागावर भुरभुरून दहा मिनिटं भिजू द्यायची, मग चमच्याने सावकाश ढवळायचं. ब्लेंडर फिरवलात तर प्रथिनांचा फेस होतो आणि झॅन्थनच्या जेलमध्ये अडकलेले बुडबुडे रात्रभर तसेच राहतात.

जेलसाठी कार्बोमर (पाणी घट्ट करणारी कृत्रिम पावडर) वापरायचा मोह मी टाळते. कोलॅजनच्या द्रावणात मीठ असलं की ते जेल पातळ पडतं. झॅन्थन मिठाला दाद देत नाही.

प्रिझर्वेटिव्ह सगळ्यात शेवटी घालते, पण ते वगळणं साफ चूक. पाण्यातलं प्रथिन म्हणजे जंतूंना आयतं खाद्य. पीएच (आम्लतेचं माप) 5 ते 5.5 वर आणायला लॅक्टिक ॲसिडचं 10 टक्के द्रावण थेंबाथेंबाने घालायचं आणि दर थेंबानंतर मोजायचं. पुढे बाटलीला आंबूस वास आला, सीरम गढूळ झालं किंवा पीएच आपोआप उतरला, तर सरळ फेकून द्यायचं.

कोलॅजन 3 टक्क्यांच्या वर नेलं की चेहरा चिकट लागतो, वरून मेकअपच्या गुठळ्या पडतात. माशांची ॲलर्जी असणाऱ्यांनी माशांपासून काढलेलं कोलॅजन घेऊच नये.