शीट निघाली, गोंद राहिला

रेकॉर्डिंगचं काम घरूनच करायचं ठरलं, तेव्हा पुण्यातल्या आमच्या जुन्या फ्लॅटची मागची खोली त्यासाठी काढली. उघड्या लादीवर आवाज घुमतो, म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट हवं होतं. कार्पेटची पसंती, सोसायटीला पत्र, खोली रिकामी करणं, सगळं बिनबोभाट झालं. घोडं अडलं ते जमिनीवर. आधीच्या मालकांनी मोझॅकच्या लाद्यांवर लाकडी डिझाइनची पीव्हीसी शीट चिकटवून घेतली होती.

ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये ओळ एवढीच: ‘जुनी शीट काढणे’. त्याच्या पोरांनी ती काढलीही. कटरने वीतभर रुंदीचे पट्टे पाडले, कोपऱ्यात पत्ती घातली आणि ओढत गेले. दुपारच्या चहाच्या आत वरचा थर बाहेर. “झालं ताई,” ठेकेदार म्हणाला.

काय झालं? शीटच्या पाठीचा करडा थर निम्म्या खोलीत लाद्यांना तसाच धरून बसला होता. जिथे तोही निघाला होता, तिथे पिवळट रबरी गोंद, दातेरी पत्तीने ओढलेल्या रेघांसकट. सुतार सनमायका चिकटवायला वापरतात त्या जातीचा. पाय ठेवला की चप्पल चिकटायची.

“वरून कार्पेटच येणार ना? कोण बघतंय?” हे वाक्य मी अजून विसरलेले नाही.

कार्पेटवाल्यांचा कारागीर आला, उकिडवा बसला, तळहात फिरवला आणि म्हणाला, “यावर मी टाकत नाही.” त्याचं बरोबरच होतं. नव्या गोंदातल्या द्रावकाने खालचा जुना गोंद पुन्हा मऊ पडतो आणि जोड उचलले जातात. शिवाय गोंदाची ढेकळं कार्पेटमधून वर जाणवतात. तो गेला आणि मग सुरू झाली टोलवाटोलवी. ठेकेदार म्हणे, गोंद काढायचं कुठे लिहिलंय? कार्पेटवाले म्हणत, आमचं काम तयार जमिनीवर सुरू होतं. दोघेही आपापल्या जागी ठाम, मध्ये माझी चिकट खोली, आणि पलंग-कपाटं हॉलमध्ये. ठेकेदाराने मधेच लादी घासायचं मशीन आणायची टूम काढली. ती मी हाणून पाडली: रबरी गोंद घर्षणाने तापतो, मशीनच्या घासायच्या दगडांत भरतो आणि साऱ्या खोलीभर फासला जातो. ॲसिडचंही नाव काढू नका. मोझॅक म्हणजे सिमेंट आणि संगमरवराची खडी, ॲसिड आधी तेच खातं.

शेवटी ओळखीच्या एका रंगाऱ्याला धरलं आणि शेजारी बसून करून घेतलं. करड्या थरावर गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विड ओतून जुनी फडकी पसरली. तो फुगून भिजला की रुंद पत्तीने लगद्यासारखा निघतो. गोंदाला मात्र पाण्याचं काही वाटत नाही. तिथे हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं हातातलं यंत्र: एका वेळी एकाच लादीपुरती ऊब, मऊ झाला की लगेच खरवडायचा. पीव्हीसीचे तुकडे उरले असतील तिथे ती एका जागी धरून ठेवू नका; प्लॅस्टिक करपलं की घसा धरणारा वायू सुटतो. शेवटचा चिकटा थिनरच्या चिंधीने, पण दुसऱ्या दिवशी, हीट गन बॅगेत गेल्यावर. दोन्ही एका खोलीत एका वेळी नकोत. खिडक्या उघड्या, गॅस बंद, उदबत्तीसुद्धा नाही. वासावरून वरच्या मजल्यावरच्या काकू दोनदा डोकावून गेल्याच.

हो, पत्ती भोथरी झाली की बदला. रंगारी तीच कानशीवर घासत राहतो आणि वेळ आपला जातो.

एवढं पाणी ओतल्यावर लगेच कार्पेट टाकायचं नाही. दीड फूट चौरस प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा. खाली थेंब दिसले किंवा लादी काळवंडली, तर ओल आहे. आमच्याकडे खिडकीखाली होती, म्हणून पंखा लावून थांबलो. पावसाळ्यात हे काम काढूच नका.

निघालेले पट्टे घंटागाडीवाले घेत नव्हते. ते गच्चीवर टाकून जायचा ठेकेदाराचा बेत होता. त्याच्याच टेम्पोत भरायला लावले.

कार्पेट टाकायला अर्धा दिवसही लागला नाही. त्याच कारागिराने पुन्हा तळहात फिरवला आणि काही न बोलता कामाला लागला. मला तेवढं पुरलं. रंगाऱ्याचे पैसे मी ठेकेदाराच्या शेवटच्या हप्त्यातून कापले. पुढच्या वेळचं कोटेशन मी स्वतः लिहून देणार आहे: ‘शीट, पाठीचा थर व गोंद काढून, लादी कोरडी करून देणे, राडारोडा उचलण्यासह.’ ठेकेदार अजून फोन उचलत नाही. न उचलू दे.