तुम्ही विचारलंत म्हणून: मूल, कॉलेज आणि युनिव्हर्सल क्रेडिट

इथल्या मराठी मंडळात हळदीकुंकू असो की गणपती, कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतंच, "नोकरी नाही, पदरात मूल, घरात तू एकटी. मग नर्सिंगची डिग्री करतेस कशी? खर्च कोण करतं?" हल्ली विचारणाऱ्यांतल्या काहीजणी स्वतःच या वाटेवर उभ्या असतात, म्हणून सविस्तर सांगते. थोडक्यात उत्तर: शिक्षणासाठीचं सरकारी कर्ज, काही ग्रँट, आणि जोडीला युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांना सरकारकडून दर महिन्याला मिळणारी मदत. हे सगळं इंग्लंडपुरतं.

आधी व्हिसा बघा. त्यावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी मदतीचा हक्क नाही) असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट नाही. स्टुडंट फायनान्सलाही, म्हणजे सरकारी शिक्षणकर्ज वगैरेलाही, साधारणपणे आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) आणि आधीची तीन वर्षं इथलं वास्तव्य लागतं. दुसरी मेख म्हणजे आपली पुण्या-मुंबईची बी.कॉम. आधीची पदवी असली की दुसऱ्या पदवीला सहसा कर्ज देत नाहीत. मग ती भारतातली का असेना. नर्सिंग, मिडवाइफरी, फिजिओथेरपी हे त्यातले अपवाद. मी नर्सिंगकडे वळले त्याचं निम्मं कारण हे, सेवाभाव वगैरे नंतर आला.

आता पैसे. फीचं कर्ज परस्पर युनिव्हर्सिटीला जातं. राहण्याखाण्याचं कर्ज टर्मच्या सुरुवातीला, वर्षातून तीनदा, माझ्या खात्यात येतं. परत न करायच्या रकमा वेगळ्या: पाळणाघराच्या खर्चाच्या 85 टक्क्यांपर्यंत चाइल्डकेअर ग्रँट (त्याला ठरलेली मर्यादा आहे), पुस्तकं-प्रवासासाठी पेरेंट्स लर्निंग अलाउन्स, आणि नर्सिंगला एनएचएसकडून (सरकारी आरोग्यसेवा) वर्षाला 5,000 पौंड, मूल असेल तर वर 2,000. घरात मोठं माणूस एकच आणि तीही पूर्णवेळ विद्यार्थिनी, म्हणून काउन्सिल टॅक्स (घरामागे भरायचा स्थानिक कर) माफ.

ऐकायला भरपूर वाटतं. पण युनिव्हर्सल क्रेडिट हे राहण्याचं कर्ज तुमचं उत्पन्न धरतं. त्यातला 'स्पेशल सपोर्ट'चा, म्हणजे पुस्तकं-प्रवासासारख्या खर्चासाठी धरलेला, भाग वगळतात, उरलेल्याची महिन्यांत वाटणी करतात, दर महिन्याला 110 पौंड सोडून देतात आणि बाकीचे कापतात. स्टेटमेंटमध्ये 'व्हॉट वी टेक ऑफ'च्या खाली ती ओळ असते. पहिल्यांदा बघितली की पोटात गोळा येतो. उन्हाळ्याच्या मोठ्या सुट्टीत ही कपात थांबते. म्हणजे कर्ज येतं तीनदा आणि कापलं जातं महिन्याच्या महिन्याला. खरी कसरत ही आहे. सप्टेंबरचा हप्ता आला की मी तो लगेच दुसऱ्या खात्यात टाकते आणि दर महिन्याला कपातीएवढेच पैसे तिथून काढते. नाहीतर डिसेंबरात भाड्याची बोंब.

माझी मावशी फोनवर म्हणते, "कर्ज कशाला काढतेस गं? नको म्हणून सांग त्यांना." मावशी, नको म्हटलं तरी ते मला मिळतंय असंच धरून कापतात! शिवाय हे सावकाराचं कर्ज नव्हे. 2023 पासूनच्या कोर्सना वर्षाला 25,000 पौंडांच्या वर कमाई गेली तरच वरच्या रकमेचे 9 टक्के पगारातून जातात, आणि 40 वर्षांनी उरलेलं माफ होतं. व्याज लागतं, हे मात्र लपवत नाही.

पैशांपेक्षा जास्त घाम वेळेने काढलाय. नर्सिंगच्या पूर्ण कोर्सात 2,300 तास प्लेसमेंट, म्हणजे काम करत शिकणं, असतं. वॉर्डवर सकाळची शिफ्ट सातच्या सुमारास सुरू होते आणि बरीच पाळणाघरं आठला उघडतात. त्यामुळे भल्या पहाटे मूल घेणारी चाइल्डमाइंडर (स्वतःच्या घरी मुलं सांभाळणारी बाई) हवी, आणि तीही नोंदणी असलेली. भारतातून आलेल्या आजीच्या नावाने ग्रँट मिळत नाही. शिवाय ही ग्रँट आणि युनिव्हर्सल क्रेडिटचा चाइल्डकेअरचा भाग, दोन्ही चालत नाहीत. म्हणून कॉलेजचा फॉर्म भरायच्या आधी चाइल्डमाइंडरांना फोन करायला लागा. सहाला दार उघडणाऱ्या फार थोड्या असतात, आणि त्यांच्याकडच्या जागा लवकर भरतात.