पन्नास टक्के म्हणजे किती वर्षं?

नाशिकला आमच्या वॅगनआरचा इन्शुरन्स एका फोनवर व्हायचा. सप्टेंबर आला की एजंट काका विचारायचे, "मॅडम, तारीख जवळ आली, करू ना?" मी म्हणायची, "करा." संध्याकाळी ते ॲक्टिव्हावरून इंदिरानगरला यायचे, चेक घ्यायचे, चहा घ्यायचे आणि जाताना पुढच्या वर्षाचं कॅलेंडर कबूल करून जायचे. दहा वर्षांत मी एकदाही क्लेम केला नाही. वडाळा नाक्याच्या गॅरेजात पाचसातशेत डेंट निघत असताना क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, म्हणजे बोनस, कोण घालवणार? पॉलिसीचा कागद मात्र मी कधी धड वाचलेला नव्हता.

२०२२ च्या ऑक्टोबरात मी नर्स म्हणून इंग्लंडला, कोव्हेंट्रीला आले. निघण्याआधी गाडी सिन्नरच्या एका गृहस्थांना विकली. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, किल्ल्या दिल्या, आणि गाडीबरोबर इन्शुरन्सचाही विषय संपला असं धरून चालले.

इथे रात्रपाळी सकाळी साडेसातला सुटते आणि रविवारी त्या वेळी बसचा भरवसा नसतो. चार महिने थंडीत स्टॉपवर कुडकुडल्यावर आम्ही एक जुनी मायक्रा गाडी बघितली. बत्तीसशे पौंडांना मिळत होती. आता फक्त इन्शुरन्स काढायचा, की झालं. इथे तुलना करणाऱ्या वेबसाइट असतात; एकदाच फॉर्म भरला की अनेक कंपन्यांचे भाव समोर येतात. सगळ्यात स्वस्त भाव आला १,९४० पौंड. जवळजवळ दोन लाख रुपये! मला वाटलं, चुकून पाच वर्षांचा भाव दाखवतायत.

फॉर्म पुन्हा पहिल्यापासून बघितला तेव्हा जरा उलगडा झाला. आपल्याकडे थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याच्या भरपाईच्या विम्याचा, दर सरकार ठरवतं. हजार सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला तेव्हा २,०९४ रुपये होता, मग ती डॉक्टरांची असो की नुकतं लायसन मिळालेल्या पोराची. इन्शुरन्स गाडीचा. इथे गाडीबद्दलचे प्रश्न थोडक्यात आटोपतात आणि मग तुमच्याबद्दलचे सुरू होतात. वय काय, नोकरी कसली, पोस्टकोड कोणता, गाडी रात्री रस्त्यावर उभी असते की घरासमोरच्या जागेत, वर्षाला किती मैल चालवणार, लायसन कुठल्या देशाचं आणि किती वर्षांचं. मुलगी बघायला आलेली मंडळीसुद्धा एवढं विचारत नाहीत. बाई की पुरुष यावरून मात्र भाव बदलता येत नाही, ते डिसेंबर २०१२ पासून बंद आहे.

मी शहाणपणा करून फक्त थर्ड पार्टी निवडलं होतं, नाशिकच्या हिशेबाने. वॉर्डातल्या केरळच्या सिस्टरने स्क्रीन बघून कपाळाला हात लावला. "कॉम्प्रिहेन्सिव्ह टाकून बघ." म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारा विमा. टाकलं, तर भाव दोनशे पौंडांनी उतरला! इथे नुसतं थर्ड पार्टी घेणाऱ्यांत जास्त अपघात करणारे चालक अधिक असतात, म्हणून कंपन्या तो गटच महाग धरतात. त्यात १२ टक्के विमा कर असतोच. हप्त्याने भरलं तर वर व्याज. एक्सेस, म्हणजे क्लेमच्या वेळी आपल्या खिशातून जाणारी रक्कम, वाढवली की भाव उतरतो. पण पाचशे पौंड एक्सेस घेऊन तीनशेच्या डेंटचा क्लेम कुणी करत नाही. फिरून वडाळा नाकाच.

खरा घाव होता 'नो क्लेम्स किती वर्षं?' या चौकटीत. मी दहा लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरात होतं की ती वर्षं इथली हवीत. शून्य केलं की आकडा पुन्हा वर. तेरा वर्षं मुंबई नाका आणि द्वारका चौकातून गाडी काढलेली मी, आणि कागदावर काल स्टिअरिंगला हात लावलेली.

केरळच्या सिस्टरने एका ब्रोकरचा नंबर दिला. काही कंपन्या परदेशातली वर्षं धरतात, पण पुरावा मागतात, असं तो म्हणाला. मी आनंदाने जुन्या पॉलिसीचा फोटो पाठवला. त्यावर छापलेलं होतं, एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस, ५० टक्के. त्याचा फोन आला, "पन्नास टक्के म्हणजे किती वर्षं?"

हे त्याला समजावताना मलाच पहिल्यांदा समजलं. आपल्याकडे पायऱ्या असतात, २०, २५, ३५, ४५, ५०. पाच वर्षं क्लेम नाही की पन्नास, आणि पुढे तिथेच. म्हणजे दहा वर्षंवाला आणि पाच वर्षंवाला कागदावर सारखेच. त्यातही सूट फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर. थर्ड पार्टीच्या पैशांवर नाही. आणि बोनस असतो मालकाचा, गाडीचा नव्हे. गाडी विकली तरी कंपनीकडून तो राखून ठेवल्याचं पत्र मिळतं, तीन वर्षं चालतं. मी ते मागितलंच नव्हतं.

मग नाशिकला फोन. काकांचं ऑफिस कॅनडा कॉर्नरला. ते म्हणाले, "कॅनडाला जाणाऱ्या एकाने मागितलं होतं असं पत्र, तुम्ही निघताना बोलला असता तर तेव्हाच काढलं असतं." बाबा त्यांच्यासोबत कंपनीच्या शाखेत गेले. पहिल्यांदा कळलं, गाडी दुसऱ्याच्या नावावर झाल्याचा पुरावा लागेल. सिन्नरच्या गृहस्थांनी आरसी बुकाचा फोटो लगेच पाठवला, देव त्यांचं भलं करो. दुसऱ्यांदा पत्र मिळालं, पण पुन्हा नुसते '५० टक्के'. प्रत्येक वर्षाची तारीख आणि 'क्लेम नाही' असं लिहून हवंय म्हटल्यावर काउंटरवरचे साहेब म्हणाले, असा फॉरमॅट नाही. बाबा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, फॉरमॅट नसल्याचं ऐकून उठणाऱ्यातले नाहीत. त्यांनी घरी मजकूर इंग्रजीत टाइप केला, जुन्या पॉलिसींच्या झेरॉक्स जोडल्या आणि तिसऱ्या फेरीला लेटरहेडवर सही-शिक्का घेऊनच परतले.

ब्रोकरने सात कंपन्यांना विचारलं. सहा नाही म्हणाल्या. सातवीने दहातली पाच वर्षं धरली. नवऱ्याचं नाव दुसरा चालक म्हणून घातलं, तोही अनुभवी असल्याने थोडं आणखी उतरलं. १,२८० पौंडांवर मी हो म्हटलं. मुख्य चालक म्हणून माझंच नाव दिलं, कारण गाडी एकाने चालवायची आणि स्वस्तासाठी नाव दुसऱ्याचं द्यायचं हा इथे गुन्हा आहे. एक गोष्ट सुदैवाने ब्रोकरनेच विचारली. कामाला एकाच ठिकाणी जाता की दोन? मी दोन हॉस्पिटलांत जायचे. ते 'कम्यूटिंग'मध्ये, म्हणजे घर ते एकाच कामाच्या जागी ये-जा करण्यात, बसत नाही, 'बिझनेस यूज' म्हणजे कामासाठीचा वापर लावावा लागतो. चाळीस पौंड वाढले. न सांगता राहिलं असतं तर क्लेमच्या वेळी बोंब.

पॉलिसी माणसावर असते हे अंगी मुरायला वेळ लागला. लंडनहून दीर आले, "वहिनी, चावी द्या, दूध घेऊन येतो." नाशिकला लायसन असलेल्या कुणालाही मी किल्ली दिली असती. इथे पॉलिसीत नाव नसलेला माणूस म्हणजे सहसा विनाविमा: ३०० पौंड दंड, लायसनवर दंडाचे सहा पॉइंट, शिवाय पोलीस गाडीही जप्त करू शकतात. दीर जरा फुगले. दूध मी आणलं.

भारतीय लायसन इथे राहायला आल्यापासून बाराच महिने चालतं. ते बदलून मिळत नाही, परीक्षा द्यावी लागते. थिअरीत पन्नासपैकी त्रेचाळीस हवे, ते जमले. प्रॅक्टिकलला पहिल्यांदा नापास. राउंडअबाउटला उजवीकडून गाडी येत असताना मी नाक घातलं. नाशिकच्या द्वारका चौकात तसं केल्याशिवाय कुणी जाऊच देत नाही, पण परीक्षकाला ते सांगून काय उपयोग. दुसऱ्यांदा पास झाले, आणि पुढच्या रिन्यूअलला भाव ७९० वर आला.

गेल्या डिसेंबरात घरी गेले होते. बाबांची गाडी घेऊन सोमेश्वरला निघाले, सवयीने डॅशबोर्डातली पॉलिसी उघडली. संपून अकरा दिवस झाले होते. बाबा म्हणाले, "काकांचा फोनच आला नाही." काकांचा गुडघा ऑपरेशनला होता. नव्वद दिवसांच्या आत होतो म्हणून बोनस वाचला, पण मध्ये खंड पडल्याने गाडीची तपासणी आलीच. दुसऱ्या दिवशी काका काठी टेकत आले, गाडीभोवती हळूहळू फिरत चारी बाजूंनी फोटो काढले, आणि डाव्या दाराशी थांबून विचारलं, "हा डेंट कधीचा?"