सात नंबरपुढचा शब्द

प्रयोगशाळेच्या रजिस्टरमध्ये शेऱ्याच्या रकान्यात सात नंबरच्या उंदरापुढे एकच शब्द आहे, ‘आळशी’. पानाखाली माझी सही आहे. म्हणजे दुपारी मी तो वाचला आणि मान्यही केला. रात्रीचे साडेदहा वाजलेत, भिंतीला हात लावला तर अजून चटका बसतोय, आणि तो शब्द काही डोक्यातून जात नाही.

तो लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला दोष देता येत नाही. पिंजरा उचलतानाच प्रयोगशाळेतले मामा म्हणाले होते, “जाडंय ओ मॅडम, हलतंय कुठं ते!” सगळे हसले. मीही हसले.

पण आज दिसलं ते काय होतं? उंदीर हौदात सोडला आणि पाण्याखाली दडवलेला प्लॅटफॉर्म शोधायला त्याला पूर्ण मिनिट पुरलं नाही. एवढंच. दीड मीटर व्यासाचा हौद, ३५ सेंटिमीटर पाणी. ६०० लिटरच्या वर लागतं, म्हणून नळाच्या दिवशीच भरून ठेवावं लागतं. पूर्वी दुधाची पावडर घालून पाणी गढूळ करायचो, पण आपल्या उन्हाळ्यात ते दुसऱ्या दिवशी आंबतं. आता बिनविषारी पांढरा रंग घालतो. प्लॅटफॉर्म पाण्याच्या एक-दोन सेंटिमीटर खाली. भिंतीवरच्या खुणा बघून उंदराने जागा लक्षात ठेवायची, रोज चार फेऱ्या, पाच दिवस. रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली, आणि सेकंद कमी होत गेले की जनावर शिकलं, असं सगळेच पटकन म्हणून मोकळे होतात.

लठ्ठ जनावराच्या बाबतीत तिथेच घसरतं. चरबी तरंगते. असा उंदीर कमी कष्टात पाण्यावर राहतो, गारवाही त्याला उशिरा बोचतो. सेकंद वाढले म्हणजे तो जागा विसरला, की सावकाश पोहला, की नुसता तरंगत राहिला, हे घड्याळ सांगू शकत नाही. त्यासाठी कापलेलं अंतर आणि पोहण्याचा वेग वेगळा काढायचा. एकदा प्लॅटफॉर्मवर झेंडी लावून तो उघड दाखवायचा. तरीही उशीर झाला तर प्रश्न डोळ्यांचा, पायांचा किंवा इच्छेचा आहे, स्मरणाचा नाही. शेवटच्या दिवशी प्लॅटफॉर्म काढून घ्यायचा आणि उंदीर हौदाच्या त्या जुन्या चतकोर भागात किती वेळ घुटमळतो ते मोजायचं.

हे सगळं मी वर्गात फळ्यावर लिहिते. आणि आज पाण्याचं तापमान? हवं २२ अंशांच्या आसपास. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी एप्रिलमध्ये सोडलं की अंघोळीलासुद्धा विसण घालावं लागतं. बर्फाच्या लाद्या आणल्या होत्या, पण थर्मामीटर लावला का? रजिस्टर उघडून पाहिलं. तापमानाचा रकाना रिकामा. कोमट पाण्यात कुणी कशाला घाई करेल? पाण्याचं आम्हाला काही माहीत नव्हतं आणि उंदराच्या स्वभावाबद्दल मात्र खात्री होती.

पुन्हा तोच शब्द.

रक्तातून ताण मोजतानाही असंच. मागे एका बॅचने कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचं किट मागवलं होतं. उंदराच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत (मूत्रपिंडावरच्या) कॉर्टिसॉल बनवणारं एक एन्झाइमच नसतं. त्याचं तणावाचं मुख्य संप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन. माणसाचं, कुत्र्याचं कॉर्टिसॉल. शिवाय पिंजऱ्याला हात लागल्यापासून साधारण तीन मिनिटांत रक्त घ्यावं लागतं, नाहीतर आपण मोजतो तो आपल्याच हाताने दिलेला ताण. त्याच पिंजऱ्यातला दुसरा उंदीर पहिल्याला उचललं तेव्हाच दचकलेला असतो. आणि वेळ पाळायची: उंदीर निशाचर, त्याचं कॉर्टिकोस्टेरॉन दिवे मालवायच्या सुमारास चढतं. सकाळी दहाचा नमुना संध्याकाळी पाचच्या नमुन्याशी ताडून पाहणं म्हणजे दोन वेगळ्या प्राण्यांची तुलना. ग्रंथीचं वजन करतानाही सांभाळावं लागतं, लठ्ठ उंदरात ती चरबीत बुडालेली असते. भिंगाखाली नीट सोलली नाही तर चरबीचंच वजन ग्रंथीच्या नावावर चढतं आणि ‘ताणामुळे ग्रंथी वाढली’ असं लिहून आपण मोकळे.

एवढं सगळं पाळूनही रक्त पुरं बोलत नाही. २००१ मध्ये उंदरांवर झालेलं एक काम मला कायम अस्वस्थ करतं. चरबीच्या पेशींत निष्क्रिय संप्रेरकाला पुन्हा सक्रिय करणारं एन्झाइम असतं. ते फक्त चरबीत जास्त बनेल असे उंदीर तयार केले. त्यांची पोटं सुटली, साखर बिघडली, आणि रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन मात्र वाढलेलं नव्हतं. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आणि पोटातल्या चरबीत पूर यावा तसं संप्रेरक.

आईच्या स्टेरॉइडच्या, म्हणजे याच संप्रेरकाच्या जातीच्या, गोळ्या सुरू झाल्यापासून तीही रात्री उठून डबे उघडते. त्यावर अप्पा जो शब्द बोलले, तो आज नाही लिहीत.

इतकी वर्षं हेच शिकवतेय. एसी बंद पडला की मी धावायचं, खाद्य संपलं की मी. रात्री वॉचमनचा फोन मलाच. आणि एवढं करून माझ्याच सहीखाली तो शब्द. मघाशी अगदी रडू आलं. कशासाठी करायचं हे सगळं, असंही वाटून गेलं.

मग ते बार हार्बरचे उंदीर आठवले. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत काही पिल्लं विलक्षण जाड निपजली. खातच राहायची, कोपऱ्यात पडून राहायची. कॉर्टिकोस्टेरॉनही चढलेलं. त्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढल्या की लठ्ठपणा बराच आटोक्यात येतो, हे पुढे कळलं. पण मुळाशी काय होतं ते सापडायला १९९४ उजाडलं: जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेला ते जनुक मिळालं. चरबीकडून मेंदूला ‘पुरे’ सांगणारा लेप्टिन हा निरोपच त्या उंदरांत तयार होत नव्हता. पुढच्याच वर्षी त्यांना लेप्टिन टोचलं, तर खाणं घटलं, अंगाची ऊब वाढली आणि ते हिंडूफिरू लागले. त्यांच्या आळसाला एका प्रथिनाची टंचाई हे कारण होतं. मधल्या ४५ वर्षांत किती रजिस्टरांत किती जणांनी काय काय लिहिलं असेल!

आमचा सात नंबर तसा नाही, त्याला आम्हीच जाड केलंय. ६० टक्के ऊर्जा चरबीतून मिळेल असं खाद्य. (तुलनेच्या गटाला साध्या गोळ्या देऊन भागत नाही, त्यात तंतू आणि बाकी सगळंच वेगळं असतं; चरबी कमी केलेलं पण त्याच घटकांचं खाद्य लागतं.) ते खाद्य या उकाड्यात लोण्यासारखं मऊ पडतं, खवट होतं, चुरा जाळीखाली सांडतो. चुरा वेचून वजा केला नाही तर न खाल्लेलं खाद्यही त्याच्या पोटात धरलं जातं. म्हणजे ‘खादाड’ हा शब्दही आम्ही असाच फुकट देऊ शकतो.

आणि समजा तो खरंच विसरत असेल. असं खाद्य दिलेल्या उंदरांत हिप्पोकॅम्पसचं, म्हणजे मेंदूतल्या आठवणी सांभाळणाऱ्या भागाचं, काम काही वेळा वजन वाढायच्या आधीच, थोड्या दिवसांत ढिलं पडतं. तिथेच कॉर्टिकोस्टेरॉनचा संदेश पकडणारे रिसेप्टर दाट असतात, आणि तोच भाग ताण पुरे झाला हे सांगून लगाम ओढतो. तोच भाग ‘आत्ताच जेवलो’ हेही धरून ठेवतो. नव्या गोष्टी लक्षातच न राहणाऱ्या, स्मरण गेलेल्या माणसांना जेवणानंतर काही मिनिटांत पुन्हा ताट वाढलं तर ती पुन्हा जेवली आहेत. खाण्याने स्मरण ढिलं, ढिल्या स्मरणाने पुन्हा खाणं. या चक्रात कुठल्या आऱ्यावर बोट ठेवून ‘आळशी’ म्हणायचं?

आता डोकं जरा निवलंय. हसले ते हसले. शब्द खोडून नाहीसा करायचा नाही, व्हाइटनर तर नाहीच. त्यावर एक आडवी रेघ, मूळ अक्षर वाचता येईल अशी. बाजूला आजची तारीख, माझी आद्याक्षरं. व्हिडिओ आहे, तो मुलाला शेजारी बसवून पुन्हा लावायचा. किती सेकंद तरंगला, किती वेळ भिंतीला धरून फिरला, वेग किती, हे त्यानेच मोजून लिहायचं. तापमानाच्या रकान्यात ‘नोंद नाही’ असं मी लिहीन. या आठवड्याच्या फेऱ्या बाद. दहा दिवसांनी नव्या जागी प्लॅटफॉर्म ठेवून पुन्हा.

उद्या पहाटे चारला पाणी आहे. हौद आधी घासून घ्यायला हवा. मामांना आत्ता फोन करू का, झोपले असतील.