चौदा सेंटचा गंधार

लंडनजवळच्या एका जुन्या चर्चमध्ये तीन रात्री रेकॉर्डिंग झालं. रात्रीच, कारण दिवसा रस्त्याची घरघर दगडी भिंतीतूनही माइकपर्यंत पोचते. इटालियन संगीतकार पॅलेस्ट्रीनाची सहा आवाजांची ‘मिसा पापे मार्चेली’, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठीची गायनरचना, १५६७ साली छापलेली. आणि तिच्या दोनशे वर्षं आधीची फ्रेंच संगीतकार मॅशोची तशीच, पण चार आवाजांची ‘मेस द नोस्त्र दाम’. साथीला वाद्य नाही. एडिटिंग माझ्याकडे.

पॅलेस्ट्रीनाच्या ‘कीरिए’मध्ये, म्हणजे पहिल्या भागात, एका ठिकाणी सगळे आवाज एकत्र येऊन स्थिरावतात. तिथला गंधार मीटरवर चौदा सेंट उतरलेला दिसला. पियानोच्या लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. ऑफिसला सकाळी फाइल हवी होती. तिथे घाई हाच नियम आहे. मी पिच करेक्शन लावलं, म्हणजे प्रत्येक स्वर पियानोच्या जागेवर ओढणारं सॉफ्टवेअर, दोन्ही रचनांना सरसकट.

सकाळी संचालिकाबाईंनी हेडफोन लावले आणि दहा सेकंदांत काढले. “हे कोण गातंय?” एवढंच विचारलं.

मी पुन्हा ऐकलं आणि पोटात खड्डा पडला. पियानोचा गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो. तंबोऱ्याच्या खर्जातून आपसूक बोलतो तो ३८६ वर. गायक हाच गात होते. मी तो वर ओढल्यावर सा आणि ग यांच्या वरच्या स्वरांशांत, म्हणजे मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणाऱ्या बारीक स्वरांत, सेकंदाला दहाएक आंदोलनं सुरू झाली. आधी काचेसारखा स्वच्छ असलेला मेळ आता थरथरत होता.

मॅशोचं उलट. तिथला गंधार पंचमावर पंचम रचत आलेला, ४०८ सेंटचा. तो मुद्दाम चढा असतो, कारण त्याला तिथे राहायचंच नसतं. टोचतो, म्हणून तर पुढचा नुसता सा-पचा मोकळा मेळ इतका शांत वाटतो. मशीनने तो आठ सेंट खाली दाबला. टोचणी गेली, तिच्याबरोबर विसावाही गेला. या सॉफ्टवेअरवाल्यांनी जगातला प्रत्येक गळा पियानोला बांधून ठेवलाय!

लहानपणी घरी तंबोरा लागताना, खर्जातला गंधार ऐकू येईपर्यंत बाबा कुणाला बोलू देत नसत. तोच स्वर मी मीटर बघून चुकीचा ठरवला, हे मनातून जात नाही.

सगळं करेक्शन काढलं. मग स्क्रीन बंद करून, नुसत्या कानाने, दोन जागा दुरुस्त केल्या. त्यातली दुसरी खरंच बेसूर होती का, ते मी अजून ऐकतोय.