अण्णांनी केबिन का सोडली

अण्णा नाशिकच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, सिनेमा दाखवणाऱ्या मशीनच्या केबिनमध्ये. ती त्यांनी का सोडली हे तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहितो. त्यांच्या दहाव्याला रामकुंडावर दोघांनी विचारलं. त्याआधी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात एकाने. आणि गेली कित्येक वर्षं लग्नाकार्यात, सीबीएसवर बसची वाट बघताना, जो भेटेल तो हेच विचारत आलाय: "अण्णांना डिजिटल जमलं नाही म्हणून सोडलं ना त्यांनी?" उत्तर आधीच ठरवून आलेला असतो प्रत्येक जण, फक्त माझी मान हलायची बाकी असते.

नाही. जमत होतं. माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं, आणि मी आज त्याच डिजिटलवर घर चालवतो.

विजयानंद, सर्कल, चित्रमंदिर, हेमलता, मधुकर, दामोदर ही टॉकीजची नावं ज्यांना पाठ आहेत त्यांना ऑपरेटर म्हणजे कोण हे सांगायला नको. पडद्यावर जरा खुट्ट झालं की मागे मान वळवून ज्याच्या नावाने शिट्ट्या मारायच्या, तो. पण "जुना माणूस, नवीन तंत्र" हे जे तुम्ही इतक्या सहज म्हणता, त्याला माझी हरकत आहे. अण्णांच्या हयातीत केबिनमधलं तंत्र एकदाच बदललं असं तुम्हाला वाटतं का?

ते हेल्पर म्हणून लागले तेव्हा कार्बनवर खेळ चालायचे. तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कांड्या समोरासमोर, मधे आर्क, म्हणजे विजेची लखलखती ज्योत. कांड्या जळत जळत आखूड होत जातात, म्हणून मधलं अंतर सतत राखायचं. काळ्या काचेतून बघायचं आणि मूठ फिरवत राहायचं. लक्ष चुकलं की पडद्यावरचा उजेड पिवळा पडतो, आणखी चुकलं की आर्क विझतो. 2000 फुटांचं रीळ 22 मिनिटांत संपतं. तेवढ्यात दुसऱ्या मशीनवर पुढचं रीळ चढवून, तिथला आर्क पेटवून तयार राहायचं. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका दिसला की मोटर चालू, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, की चेंजओव्हर, म्हणजे चित्र या मशीनवरून त्या मशीनवर. तीन तासांच्या सिनेमात असे सात-आठ चेंजओव्हर, दिवसाला चार खेळ. खाली बसलेल्या माणसाला रीळ बदललं हे कळता कामा नये.

कार्बन गेले तेव्हा अण्णा हळहळले नाहीत, हेही लिहून ठेवतो. ज्यांना त्यांचा फोटो जुन्या मशीनशेजारीच हवा असतो त्यांच्यासाठी. तो धूर त्यांनी वर्षानुवर्षं छातीत घेतला होता. चिमणी असायची, पण ती ओढेल तेवढं ओढायची. कार्बनच्या जागी झेनॉन वायूचा दिवा आला तेव्हा ते म्हणाले, "चला, आता पिक्चर बघायला तरी मिळेल." झेनॉनचा दिवा थंड असतानाही आत प्रचंड दाब असतो, हातातून निसटला तर बॉम्बसारखा फुटतो. दिवा बदलताना तोंडावर जाळीचा मुखवटा, हातात मोजे, काचेला उघडं बोट लावायचं नाही. ते काम अण्णांनी कधी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. मोनोचा आवाज जाऊन स्टिरिओ आला, मग फिल्मवर फक्त खुणा आणि आवाज वेगळ्या सीडीवर अशीही पद्धत आली. तेही शिकले.

डिजिटल आलं तेव्हा त्यांनी शंभर पानी वही केली. ती माझ्याकडे आहे. इंग्रजी त्यांना वाचता यायचं ते अक्षर अक्षर लावून. म्हणून सर्व्हरच्या, म्हणजे सिनेमा साठवून चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, पडद्यावर दिसणारा प्रत्येक शब्द त्यांनी देवनागरीत उतरवला आहे: "इंजेस्ट", "प्लेलिस्ट", "शेड्यूल". पुढे बाण, बाणापुढे काय होतं ते एका ओळीत. लाल पेनाने "हे दाबू नये" असं तीन ठिकाणी. ट्रेनिंगला आलेला मुलगा दोन तासांत सगळं दाखवून निघून गेला. आम्हा बाकीच्यांना त्यातलं निम्मं कळलं होतं. अण्णांना त्या वहीमुळे आठवड्याभरात सगळं येत होतं, आणि मी ते वहीतूनच शिकलो.

आता माझं मत. ते अण्णांच्या विरोधात जातं, पण लपवणार नाही. डिजिटल चांगलंच होतं. नाशिकला पूर्वी जी प्रिंट यायची ती कित्येकदा मुंबईत आणि आणखी कुठे कुठे घासून आलेली असायची. पडद्यावर ओरखड्यांचा उभा पाऊस, गाण्यातल्या दोन ओळी गायब. पेटी उघडून रीळ रिवाइंड करताना अण्णा फिल्मच्या दोन्ही कडा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत हलक्या धरायचे. डोळे पेपरात असायचे. फाटकं भोक आलं की हात आपोआप थांबायचा. मग ब्लेडने तेवढं इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, खरवडायचं, चिकटवायचं सोल्युशन लावायचं, फ्रेमला फ्रेम जुळवून दाबून धरायचं. कसब होतं, मान्य. पण ते कसब दुसऱ्यांनी फाडलेलं शिवण्यात जात होतं. आता शुक्रवारी मुंबईला जसा सिनेमा लागतो तसाच्या तसा नाशिकला लागतो, पहिल्या खेळाला आणि शंभराव्या खेळाला सारखाच. मी हे त्यांच्या तोंडावर बोललो होतो. ते नाही म्हणाले नव्हते.

मग सोडलं का? त्या शुक्रवारामुळे.

टॉकीजचं नाव लिहीत नाही, डिजिटलवाल्या कंपनीचंही नाही. सणाचा आठवडा, मोठा सिनेमा, बाराचा खेळ हाउसफुल्ल. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: डिजिटल सिनेमा हार्ड डिस्कवर कुलूपबंद येतो. उघडायची चावी वेगळी, ई-मेलने येते. ती त्या एकाच सर्व्हरवर आणि ठरलेल्या तारखा-वेळांमध्येच चालते. आमच्या सर्व्हरचं एक कार्ड आदल्या आठवड्यात बदललं होतं. चावी आली ती जुन्या कार्डाच्या नावावर. बाराला पाच कमी असताना प्लेलिस्ट लाल झाली.

मी कंपनीला फोन लावला. तक्रार नोंदवून घेतली, नंबर दिला, थांबा म्हणाले. पुन्हा लावला, वेगळ्याच माणसाने उचलला, सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. खाली जाहिराती संपल्या, पडदा निळा. आधी शिट्ट्या, मग खुर्च्यांचा आवाज. पंधरा मिनिटं गेली. मॅनेजर वर आला आणि म्हणाला, अण्णा, तुम्ही खाली जाऊन सांगा, तुमचं ऐकतील.

अण्णा गेले. मी खिडकीतून बघत होतो. माइक चालत नव्हता, म्हणून पडद्यासमोर उभं राहून ओरडून सांगायचा प्रयत्न केला. "तांत्रिक अडचण आहे, दहा मिनिटं द्या," एवढंच. दहा मिनिटांत होईल हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, सांगायला दुसरं काही नव्हतं. स्टॉलमधून कुणीतरी ओरडलं, "म्हातारा झोपला होता का वर?" हशा झाला. मग पाण्याची बाटली आली, अर्धी भरलेली. खांद्याला लागली. त्यांनी ती उचलून कडेला ठेवली, पायात येऊ नये म्हणून. आणि तिथेच उभे राहिले. निघून आले नाहीत. मॅनेजर पैसे परत देतोय असं सांगायला येईपर्यंत ते तिथे होते.

वर आले आणि मला म्हणाले, "बिघाड कुठेय ते दाखव."

मी मॉनिटरवरची ओळ दाखवली.

"ते वाचलं मी. हात कुठे लावायचा ते दाखव."

लावण्यासारखं काही नव्हतं. मशीन ठणठणीत, दिवा ठीक, डिस्क ठीक. आम्ही दोघं खुर्च्यांवर बसून राहिलो. दोनच्या सुमारास नवी चावी आली, मी ती टाकली, ओळ हिरवी झाली. तीनचा खेळ वेळेवर सुरू झाला. रीळ तुटायचं तेव्हाही शिव्या पडायच्या, त्याहून वाईट पडायच्या. पण तेव्हा त्या शिव्या ऐकत ऐकत अण्णांचे हात चालू असायचे, दोन-तीन मिनिटांत चित्र परत यायचं आणि तेच लोक टाळ्या वाजवायचे.

मी त्या रात्री म्हणालो, "अण्णा, यात आपली काय चूक? कशाला लावून घेता?" ते म्हणाले, "माझी असती तर बरं झालं असतं. दुरुस्त केली असती."

ताबडतोब सोडलं नाही त्यांनी. सिनेमा उतरेपर्यंत सगळे खेळ केले, चालू सिनेमा टाकून ऑपरेटर जात नसतो म्हणून. मग मॅनेजरला सांगितलं. मॅनेजरने सगळीकडे सांगितलं की वय झालं, नवीन मशीन झेपेना. ही तुमची गोष्ट तिथून निघाली. अण्णांनी ती कधी खोडली नाही. मला त्यांचा याबद्दल आजही राग येतो. एक वाक्य बोलले असते तर मला हे लिहावं लागलं नसतं.

तेव्हाचा मी त्यांना हट्टी म्हणायचो. म्हणायचो, एका बाटलीपायी कुणी नोकरी सोडतं का, घरी मुलीचं लग्न व्हायचंय. तो जो मी होतो त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पैशाची ओढाताण झालीच. त्यांनी नंतर एका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम धरलं. पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप. तिथे ते खूश दिसायचे. पण खूश दिसणं आणि बरोबर असणं यात मी अजून गल्लत करू शकत नाही. मुलीला विचाराल तर ती वेगळं सांगेल, आणि तिचंही खरं असेल.

मी मल्टिप्लेक्समध्ये लागलो. एका खोलीत बसून सगळे पडदे सांभाळतो. खेळ आपोआप सुरू होतात, दिवे आपोआप मंदावतात. गेल्या वर्षी अण्णांना आग्रहाने सिनेमा बघायला बोलावलं. मध्यंतरात ते बाहेर आले आणि पहिलं वाक्य: "डावीकडे फोकस सुटलाय." मी म्हटलं, कुणाची तक्रार नाही. ते म्हणाले, "तू बघितलंस का?" मी बघितलं नव्हतं. खेळ संपल्यावर शिडी लावून पाहिलं तर लेन्सचा माउंट किंचित ढळला होता. किती दिवसांपासून, कोण जाणे. मॉनिटरवर सगळं हिरवं होतं.

हे वाचून तुम्ही म्हणाल, बघा, माणूस लागतोच. इतकं सोपं नाही ते. एका पडद्याला एक ऑपरेटर ठेवायचा तर तिकीट कितीला विकायचं? मालकाच्या जागी मी असतो तर मीही सगळ्या पडद्यांना मिळून एकच माणूस ठेवला असता. हे मी अण्णांना त्याच दिवशी, पार्किंगमध्ये, सांगितलं. वाद घातला म्हणा हवं तर. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. मग त्या एकाला तरी मधून मधून आत जाऊन बसायला सांग."

जातो मी. प्रत्येक पडद्याला दहा मिनिटं, मागच्या रांगेत. शनिवार-रविवारी जमत नाही.