दरडीनंतरचा ओढा

23 जुलै 2021 च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच पावसात तळिये, आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळून माणसे गेली आणि चिपळूण पाण्याखाली गेले. अशा वेळी ओढ्यांची विचारपूस कोण करणार? पण ओढ्यांतील जीवसृष्टीचा अभ्यास हेच माझे काम असल्याने फेब्रुवारी 2022 मध्ये मी कोयना खोऱ्यातील एका ओढ्यावर गेले.

दरडीचा लोट याच ओढ्यातून उतरला होता. उतारावरची माती पाण्याने गच्च भरून खालच्या काळ्या पाषाणावरून सुटली, की वाटेतले धोंडे आणि झाडे बरोबर घेऊनच येते. येथे तिने डोह बुजवले होते आणि काठचे उंबर मुळासकट नेले होते. सोबत आलेले गावातले आजोबा म्हणाले, "पाणी हाय, पण त्यात जीव न्हाई राहिला, ताई."

वरच्या टप्प्यात मी पाण्यातला एक दगड उलटला. त्याच्या पाठीवर शेवाळाचा बुळबुळीत थर होता आणि पोटाला चपट्या डोक्याचे, शेपटीचे तीन धागे हलवणारे मेफ्लाय या कीटकाचे पाण्यात वाढणारे पिल्लू चिकटले होते. शेजारी कॅडिसफ्लाय या दुसऱ्या कीटकाच्या अळीने वाळूचे कण जोडून बांधलेले घर होते. मग आम्ही काठाशी हातभर खड्डा खणला, तर गोट्यांमध्ये झिरपलेल्या पाण्यातही तशीच पिल्ले सापडली. लोट येतो तेव्हा पात्राचा वरचा थर खरवडला जातो, पण खोलवरच्या फटींत आणि दरड न आलेल्या बाजूच्या ओहोळांत काही जीव तग धरतात, शिवाय पंख फुटलेले कीटक उडत येऊन पुन्हा अंडी घालतात. म्हणूनच कीटक काही महिन्यांत परततात. मळ्या नावाच्या माशासारख्या माशांना मात्र खालून चढून येण्याची वाट मोकळी लागते आणि काठाच्या सावलीला तर कित्येक वर्षे लागतात. शेरणी या काठच्या झुडपाच्या आडव्या झालेल्या फांद्यांना तेवढी पालवी फुटली होती.

खालच्या टप्प्यात पोकलेनने धोंडे उचलून पात्र सरळ केले होते. तेथे पाणी पसरून पातळ वाहत होते, आडोसा कोठेच नव्हता आणि पाण्यातले जीव गोळा करून पाहण्याचा आमचा ट्रे दोनदा जवळजवळ रिकामा आला. मला त्या दिवशी सर्वांत जास्त वाईट याचेच वाटले, कारण दरडीतून सावरण्यासाठी ओढ्याला जे धोंडे हवे होते तेच आपण काढून नेले होते. आजोबांच्या शेतात गोटे पसरले होते. ते काढायला यंत्र हवे होते, हे मला मान्य आहे. पात्रातल्या धोंड्यांना हात लावू नये, एवढेच मी त्यांना सांगितले.

परतताना वरच्या टप्प्यातला ट्रे मी त्यांच्यापुढे धरला. ते उकिडवे बसून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "सोडा आता त्यास्नी." त्याच दगडापाशी आम्ही ट्रे रिता केला.